चुगली कोणी केली?

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, गेम कन्सोल दुरुस्त करतात. दुरुस्ती कसली, कंपनीचं कुलूप तोडून फुकटचे गेम चालवून देतात! त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक त्यांना कंपनीचा हेर वाटतं. कोणी नुसती पावती मागितली तरी त्याला दुकानाबाहेर काढतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी कुलूप तोडलेल्या सातही कन्सोलवर कंपनीने कायमची ऑनलाइन बंदी घातली. पाठोपाठ वकिलाची नोटीस आली, थेट दाजींच्या नावाने.

"कोणीतरी घरभेदी आहे," ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी तिथे फक्त चहाला जातो हो! तरी माझा फोन तपासला. मग समोरच्या झेरॉक्सवाल्याशी कडाक्याचं भांडण काढलं.

ताईने मात्र नोटीस शेवटपर्यंत वाचली. "काम झाल्यावर कन्सोल नीट चालतो का, हे कसं बघता?"

"ऑनलाइन जाऊन एक गेम खेळतो."

"कोणाच्या खात्यातून?"

दाजींच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच थांबला.

"माझ्याच."

"सातही वेळा?"

दाजींनी मान हलवली. मग उठून दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "पण हे तुला कोणी सांगितलं?"