सिस्टर गेर्डांचा जर्मनचा तास

या सदरातले इतरांचे अनुभव मी वाचत आले आहे, आणि खरं सांगायचं तर बरेचसे अर्ध्यावर सोडून दिले आहेत. पिंपळाखालची बाई, मागून आलेली हाक... माझा यावर कधी विश्वास नव्हता. आमचं घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यात मी मिशनरी होण्याचं शिक्षण घेत होते, म्हणजे अंगात येणं, उतारे, ताईत यांच्या नादी लागू नका असं गावोगाव सांगणं हे माझं कामच होतं. तरीही लिहिते आहे. माझ्या गोष्टीत भूत नाही, अंधार नाही. दुपारची वेळ होती आणि जर्मनचा तास चालू होता.

१९९७-९८ साल असेल. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच होतो. हट्टा गावाबाहेर एक छोटं प्रशिक्षण केंद्र होतं. पत्र्याचं लांबट घर, पुढे ओटा, लिंबाचं एक झाड आणि आम्ही चार मुली. सकाळी प्रार्थना, मग बायबलचा तास, मग औषधांची पेटी घेऊन आसपासच्या वस्त्यांवर. मेंढरांमागे चालून टाचा फुटलेल्या बाया, तापानं फणफणलेली लेकरं. परत आलं की भाकरी थापायच्या. जेवणं झाली आणि बाकीच्या तिघी जरा आडव्या झाल्या, की माझा एकटीचा जर्मनचा तास.

एकटीचा, कारण केंद्राला मदत करणाऱ्या जर्मनीतल्या मंडळींनी एकाच मुलीला तिकडे बोलावलं होतं. तिथे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा शिकायची, मग इकडे येऊन काम करायचं. निवड माझी झाली होती.

शिकवायच्या सिस्टर गेर्डा. त्या मूळच्या जर्मनीतल्याच, पण अर्धं आयुष्य मराठवाड्यात गेलेलं, त्यामुळे मराठी आमच्यासारखीच. माझा उच्चार चुकला आणि मला हसू आलं की म्हणायच्या, "काहून हसून राहिली गं? जीभ दाताला लाव, मंग बोल." पुस्तक वगैरे नाही. समोर जे दिसेल त्याचं वाक्य त्या करायच्या, मी त्यांच्या मागून म्हणायचं. शेळी दिसली की शेळी, बादली दिसली की बादली.

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, माझं जाणं मंजूर नव्हतं. कळमनुरीजवळ आमचं थोडं रान आहे. उन्हाळ्यात घरी जाऊन मी सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तिकडं म्हातारे हायत, आन् इथं न्हाईत व्हय?" त्यानंतर बोलणं बंद. भांडण नाही, आदळआपट नाही. मी निघाले तेव्हा ते बैलांना पाणी दाखवत होते. वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून मला काहीतरी झालं होतं. दुःख म्हणावं तर दुःख नव्हतं. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळंच आपलं वाटेनासं झालं. प्रार्थना म्हणायची तेव्हा ओठ हलायचे, जर्मन म्हणायची तेव्हाही ओठच हलायचे.

त्या दिवशी आम्ही नेहमीसारख्या ओट्यावर बसलो होतो. कापूस वेचणीचे दिवस, ऊन मऊ पडलेलं. सिस्टर सुपात तांदूळ निवडत होत्या. समोर शेळी होती, म्हणून पहिलं वाक्य शेळीचं— "डी त्सीगं श्टेट उंटर डेम बाउम." शेळी झाडाखाली उभी आहे. माझं 'त्सी' चुकलं. त्यांनी दोनदा म्हणून घेतलं.

मग त्यांचा हात सुपात थांबला. त्या फाटकाकडे पाहत होत्या. फाटकात कोणी नव्हतं. जरा वेळानं त्या म्हणाल्या, "डेअर फाटर झित्स्ट आम ब्रुनन."

बाप विहिरीजवळ बसला आहे. मी मागून म्हटलं. समोर विहीर नव्हती, पण मला वाटलं आज नवीन शब्दांची उजळणी असेल.

"एअर हेल्ट आइनन ट्रिश्टर."

त्यानं एक ट्रिश्टर धरला आहे. हा शब्द मला माहीत नव्हता. तरी म्हटला. तो नक्कीच वेडावाकडा म्हटला असेन, पण सिस्टरनी चूक काढली नाही. तेवढं मात्र मला तेव्हाही खटकलं. चूक सोडणारी बाई नव्हती ती.

मग शेवटचं वाक्य. "एअर झाक्ट, झी झोल फारन."

तो म्हणतो, तिनं जावं.

मी तेही म्हटलं. स्वच्छ, न अडखळता. वाटलं, चला, एक वाक्य तरी बरोबर आलं.

पुढचं वाक्य आलंच नाही. सिस्टरनी सूप हलवलं, एक खडा काढून अंगणात टाकला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हां, बोल. शेळी झाडाखाली उभी आहे. पुन्हा म्हण बरं."

मी म्हटलं, "सिस्टर, ते झालं. त्याच्यानंतरची पण झाली."

"कोणती? आत्ताच तर बसलो आपण."

डुलकी लागली असेल, असं मी धरलं. डोळे उघडे होते, पण म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं. आम्ही शेळीपासून पुन्हा सुरुवात केली.

केंद्रात फोन नव्हता. दिवस कलायला रफिकभाई स्वतः लूनावर आले. स्टँडवर त्यांचं एसटीडी बूथ होतं, आमचे निरोप तिथेच यायचे. एरवी गाडीवरूनच हाक मारून निरोप सांगणारा माणूस, त्या दिवशी गाडी लावून आत आला. "बेटी, कळमनुरी से फोन था. तेरे चाचा का. घर कू बुलाए." पुढचं ते सिस्टरना बाजूला घेऊन सांगत राहिले. मला ऐकू येत नव्हतं, आणि ऐकावंसंही वाटत नव्हतं.

जीपमधून सिस्टर माझ्यासोबत आल्या. औंढा मागे गेल्यावर त्यांनी मला सांगितलं की अण्णा गेले. मी "बरं" म्हणाले. मला आठवतं, त्यांनी माझा हात हातात घेतला होता आणि तो हात माझा आहे हे मला पाहून कळत होतं.

घरी माणसं जमली होती. काका येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होते, "भाकर खाल्ली, इंजनात डिझेल टाकतो म्हणून विहिरीवर गेले. तिथंच बसले बघा. तकलीफ बी झाली न्हाई. नरसाळं हातातच होतं, बोटं सोडवावी लागली." मी हे पाच-पंचवीस वेळा ऐकलं असेल. विहिरीवर बसले, हे ऐकताना ओट्यावरचं ते वाक्य एकदा आठवून गेलं. पण शेतकरी माणूस विहिरीवर बसणार नाही तर कुठे बसणार... मी ते तिथेच सोडलं. दफन झालं. मी रडले नाही. बायका आपसात म्हणत होत्या, पोरगी दगड झाली.

जर्मनीला आता जायचं नाही, असं मी घरी सांगून टाकलं. धाकटा भाऊ शाळेत होता, माय एकटी. कोणी जा म्हणालं नाही, नको जाऊ असंही म्हणालं नाही. सामान आणायला म्हणून मी हट्ट्याला परत गेले.

सिस्टर स्वयंपाकघरात स्टोव्ह पुसत होत्या. का कोण जाणे, मी विचारलं, "सिस्टर, ट्रिश्टर म्हणजे काय?"

त्या थांबल्या. "हा शब्द कुठं ऐकला? मी तर शिकवला न्हाई."

"तुम्हीच म्हणाला होता. त्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. मग खिळ्याला टांगलेलं, स्टोव्हमध्ये रॉकेल ओतायचं पत्र्याचं नरसाळं काढून माझ्या हातात दिलं. "हे बघ. हा ट्रिश्टर. याला मराठीत काय म्हणता तुमी?"

मी नरसाळं धरून उभी राहिले. रॉकेलचा वास येत होता. अंगावर काटा आला, घाम फुटला, असं काही झालं नाही. मी स्टुलावर बसले आणि त्यांना तिन्ही वाक्यं म्हणून दाखवली. मग काकांचं बोलणं सांगितलं.

सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मी पाहिला. त्या म्हणाल्या, "मला यातलं काही आठवत न्हाई, सरोज. मी खोटं बोलत न्हाई." आणि थोड्या वेळानं, "हे प्रार्थनेच्या सभेत सांगू नको. ही साक्ष देण्याची गोष्ट न्हाई. देवाचं आहे का कशाचं आहे, मला माहीत न्हाई. माहीत नसलेलं माणसानं सांगू नये."

मी सांगितलं नाही. सामान मात्र बांधलं नाही. त्या वाक्यामुळे मी गेले असं म्हणवत नाही. 'तिनं जावं' हा अण्णांचा होकार होता, की व्याकरणाचं एक वाक्य, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. पासपोर्ट तयार होता आणि नको म्हणायलाही काही बळ लागतं, ते माझ्यात नव्हतं. मी गेले. जर्मनीतल्या एका गावातल्या वृद्धाश्रमात काही वर्षं काढली. तिथली म्हातारी माणसं अंथरुणात अर्धवट झोपेत जे बोलायची, ते मी नीट कान देऊन ऐकायचे. घरची नावं, जुनी भांडणं, कुत्र्याला हाक. त्यात माझ्यासाठी कधी काही नव्हतं.

मी तिकडे असतानाच सिस्टर गेर्डा वारल्या. मी २००३-०४ च्या सुमारास परत आले आणि कळमनुरीत दवाखान्यात कामाला लागले. मायला हे सगळं सांगायला आणखी एक-दोन वर्षं गेली. एका दुपारी ती वाती वळत बसली होती— नाताळात आमच्याकडे पणत्या लावतात— तेव्हा बोलून गेले.

ती वाती वळत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "त्यायनला तर मराठी बी धड लिहिता येत नव्हतं. जर्मनमधी काहून सांगितलं?"

मी म्हटलं, "मला न्हाई माहीत, माय."

तिनं आणखी एक वात वळली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी तिथंच होते की गं. बाजूच्या वावरात कापूस वेचून राहिले होते. हाक मारली असती तर ऐकू आली असती."