भुतांना नापास करणारे भाटवे

साऱ्या वऱ्हाडात भुतांवर जेवढा अन्याय माझ्या भाटव्यांनी केला असेल, तेवढा एखाद्या कसलेल्या मांत्रिकानंही केला नसेल. भाटवे म्हणजे आमच्याकडे बहिणीचे यजमान. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, अकोल्याला दिलेली आणि तिचे हे यजमान तिथले भिक्षुक. सकाळी सहा ते अकरा या वेळात लोकांकडचे सत्यनारायण, वास्तुशांती, श्राद्धपक्ष असं जे निघेल ते उरकायचं आणि बाराच्या ठोक्याला नेसत्या धोतरानिशी, पूजेची पिशवी काखेत मारून, सिनेमाच्या थिएटरात जाऊन बसायचं, हा त्यांचा गेल्या तीस वर्षांचा नेम. पाहायचे ते दोनच प्रकार, भुताचे आणि फायटिंगचे. प्रेमाच्या सिनेमाला ते 'त्या दोघाइचा खासगी मामला' म्हणत आणि कौटुंबिक सिनेमा पाहायला त्यांना घराबाहेर जायची गरज वाटत नसे. ताई प्रत्येक वेळी सोबत असायचीच. 'तिले घरी करमत नाई,' असं ते जाता जाता सांगायचे.

मी अमरावतीला वकिली करतो. बांधांचे आणि वाटण्यांचे दिवाणी दावे चालवता चालवता माझे केस पिकले आणि काही पक्षकारांचे तर नातू आता तारखेला येतात. दुपारी साडेतीनला, पुढची तारीख घेऊन, काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून मी बाररूममधल्या पंख्याखाली डोळे मिटतो न मिटतो तोच खिशातला फोन थरथरू लागे. उचलला नाही तर पुन्हा वाजे. त्यामुळे मी उचलत असे.

"वकीलसाहेब, नापास."

"कोण?"

"भूत. कोन म्हणजे काय? चाळीस मिनिटं ते बाई आरशासमोर केस विंचरून राहिली. मंग भूत आलं, तर तेबी केस मोकळे सोडून. आता मानसानं भेव कोनाचं घ्याव, तूच सांग."

मी काय सांगणार? माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचा उलटतपास असायचा. मी हं हं करायचो आणि मागून ताईचा आवाज यायचा, "अहो, त्या विहिरीचंही सांगा." की लगेच भाटवे विहिरीवर यायचे. विहिरीत पाणी होतं, पण दोराला ओल नव्हती. तळघराला कुलूप होतं, पण कुलपावर धूळ नव्हती. शंभर वर्षं बंद असलेल्या घरात भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. असे बारकावे ते काढायचे, की हा माणूस संकल्प सांगण्यात उगाच आयुष्य घालवतो आहे, फौजदारीत असता तर आमच्यातल्या कित्येकांचं दुकान बंद पाडलं असतं, असं मला वाटून जायचं.

भूत दुपारी बारालाच पाहायचं, हा त्यांचा सिद्धांत. "रातच्याले पाहिलं तर मांजराचंबी भेव वाटते. अकोल्याच्या उन्हाळ्यात, भर दुपारी बारा वाजता, बाहेर डांबर वितळून राहिलं असताना ज्याच्यानं भेव वाटते, त्याले पिच्चर म्हणाव." त्यांचा खरा राग मात्र सिनेमातल्या पुजाऱ्यांवर होता. भूत घालवायला शेवटच्या रिळात जो जटाधारी येतो, त्याचे मंत्र ऐकून त्यांचं डोकं तापायचं. "भूत पळवाले आला अन् पुण्याहवाचन म्हणून राहिला! तेबी चुकीचं! थ्या भुताले वाटलं असंन, आपल्या लग्नाचं जमून राहिलं."

फायटिंगच्या सिनेमांबद्दल त्यांचं दुःख वेगळंच होतं. चांदूर बाजारकडचे काही भाजी पिकवणारे, विकणारे लोक त्यांचे यजमान होते. त्यामुळे हिरोची गाडी बाजारातून सुसाट निघाली आणि भाजीच्या हातगाडीवर चढली, की पुढचा सिनेमा त्यांना दिसतच नसे. "टमाटे सांडले ना भाऊ सारे! हिरो गेला, गुंड गेला, कॅमेराबी गेला. थो मानूस तिथंच बसला. त्याचं काय झालं पुढं? नुकसानभरपाईचा दावा कोनावर लागते, हिरोवर का गुंडावर?" हा प्रश्न त्यांनी मला वर्षानुवर्षं विचारला. एकदा कंटाळून मी म्हणालो, "दोघांवर, संयुक्तपणे." तेव्हा त्यांना इतकं समाधान झालं, की पुढच्या सत्यनारायणात कथा संपल्यावर त्यांनी माझा हा निकाल यजमानांना ऐकवला.

त्यांच्या या मतांचे चटके मलाच बसायचे. माझ्या एका वकीलमित्रानं बडनेऱ्याला घर बांधलं आणि मी मोठ्या तोंडानं वास्तुशांतीला भाटव्यांना नेलं. विधी उत्तम झाला. जेवायला पानं मांडेपर्यंत हे घरभर फिरून आले आणि मित्राच्या आईला म्हणाले, "घर फस्क्लास आहे आजी. जिन्याखालची जागा तेवढी भुताच्या पिच्चरसारखी जमली." म्हातारीनं त्या घरात राहायला साफ नकार दिला. तिची समजूत काढायला मी तीन रविवार बडनेऱ्याला खेटे घातले. शेवटी तिथं लोणच्याच्या बरण्या ठेवू असं ठरलं, तेव्हा कुठं ती आली. मित्र अजूनही कोर्टात मला पाहून आधी निःश्वास टाकतो आणि मग नमस्कार करतो.

एकदा तर मी स्वतः त्यांच्यासोबत अकोल्याच्या थिएटरात होतो. पडद्यावर एक बाई अंधाऱ्या खोलीत उभी, सगळं थिएटर श्वास रोखून गप्प, आणि त्या शांततेत भाटवे एकदम दचकले. मांडीवरची पूजेची पिशवी उसळली आणि आतली घंटा खणकन वाजली. पुढच्या चार रांगा किंचाळल्या. एक पोरगी खुर्चीवर चढली. थिएटरचा माणूस टॉर्च घेऊन धावत आला, तर हे शांतपणे पिशवीतून हळकुंडं आणि सुपाऱ्या गोळा करत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "डायरेक्टरले दोन तासात जे जमलं नाई, ते आपल्या घंटीनं केलं." ताई इतकी हसली, की तिला ऑटोत बसता येईना. तिचं ते हसणं माझ्या डोळ्यांपुढे आहे, कारण त्यानंतर फार दिवस ती तशी हसली नाही.

तीनेक वर्षांपूर्वी ताई पायऱ्यांवरून पडली. मग तिचे खांदे दारांच्या चौकटींना आपटू लागले. 'लक्ष नसते हिचं,' असं भाटवे म्हणायचे आणि तीही हसून तेच म्हणायची. एका सकाळी देवघरात समई लावताना तिनं पेटती काडी वातीच्या चार बोटं बाजूला, हवेतच धरली आणि ती तशीच जळत राहिली. ते भाटव्यांनी पाहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडेनं जात मधे एवढीशी उरली होती, बांबूच्या नळीतून पाहावं तशी. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढी टिकवायची, असं ते म्हणाले.

साडेतीनचा फोन बंद झाला. चार महिने मला दुपारची झोप मिळाली आणि खरं सांगायचं तर त्या झोपेत काही राम नव्हता. एका शनिवारी मी अकोल्याला गेलो. भाटवे स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, त्यांचे आकार सांगण्यासारखे नव्हते. ताई पाटावर बसून भाजी निवडत होती, एकेक पान डोळ्यांसमोर धरून.

"पिच्चर?" मी विचारलं.

"बंद," भाटवे म्हणाले. "एकट्यानं काय पाहाव?"

"घेऊन जा रे यांना," ताई म्हणाली. "घरात बसून भिंतीकडं पाहून राहतात."

"तूही चल."

"मी येऊन काय करू?"

भाटव्यांचं लाटणं थांबलं. पोळीकडे बघतच ते म्हणाले, "मी सांगीन तुले."

आम्ही मंगळवारी बाराच्या खेळाला गेलो. मी त्यासाठी एक तारीख पुढे ढकलली, जे मी आयुष्यात फारसं केलेलं नाही. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. मागच्या रांगेत ताई मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाटवे. सिनेमा भुताचाच. सुरुवातीला ते छान सांगत होते. गाव आलं, गाडी आली, गाडीतून माणसं उतरली. मग संगीत बदललं आणि त्यांचा आवाजही बदलला.

"आता... आता अंधार आहे."

"अंधार तर मलाही दिसतो," ताई म्हणाली.

"एक बाई चालून राहिली."

"कुठं?"

"चालून राहिली ना बाप्पा, जिकडं जाते तिकडं."

मी पडद्याकडे पाहिलं. तिथं बाई नव्हतीच. एक म्हातारा कंदील घेऊन माळ्यावर चढत होता. मी वळून भाटव्यांकडे पाहिलं. ते दोन्ही डोळे गच्च मिटून, जानवं मुठीत धरून, खुर्चीत आक्रसून बसले होते.

ताईनं मानसुद्धा वळवली नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "अहो, डोळे उघडा. तीस वर्षं मी सांगितलं. आता तुमी सांगा."

म्हणजे, विहिरीचा कोरडा दोर, कुलपावर नसलेली धूळ, आरशातले केस, हे सगळं ताईनं पाहिलेलं होतं. घरी परतताना ऑटोत ती त्यांना सिनेमा सांगायची आणि ते तिची मतं वऱ्हाडी मसाला लावून मला ऐकवायचे. अकोल्यातला भुतांचा सगळ्यात कडक परीक्षक एकही भूत न पाहता तीस वर्षं खुर्चीत डोळे मिटून बसला होता.

भाटव्यांनी डोळे उघडले. आधी एक, मग दुसरा. त्यांची मूठ सुटली नव्हती, पण ते बोलू लागले. "म्हातारा आहे. कंदील आहे. माळ्यावर चढते. पायरी मोडकी आहे. अरे बापरे. मांगं कोनी तरी आहे त्याच्या. पांढरं." आवाज कापत होता आणि त्यामुळे तो इतका परिणामकारक झाला होता, की पडद्याकडे बघत असूनही माझ्याच अंगावर काटा आला. पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "काका, जरा हळू ना." ताई म्हणाली, "भाऊ, मले दिसत नाई." तो पुढे वळला. नंतर भाटवे मधे एकदा थांबले, तर तोच कान मागे करून बसलेला मला दिसला.

मध्यंतरात ताईला बसवून आम्ही बाहेर आलो. भाटव्यांनी तोंडावर पाणी मारलं. मी विचारलं, "एवढी भीती वाटते तर जात कशाला होतात?"

"तिले आवडते ना," ते म्हणाले. "लग्न झालं तवापासून. मले पयल्याच महिन्यात सांगितलं तिनं. आता भटजीच्या बायकोले भुताचे पिच्चर आवडते, असं लोकाइले समजलं असतं तर तिले कोनी सवाशीण म्हणून जेवाले बोलावलं असतं का? हळदीकुंकवाले बोलावलं असतं का? म्हणून म्हटलं, नाव माह्यं होऊ दे. मले काय, लोक येडा म्हणतीन." मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, "फायटिंगचे मात्र माहे आहेत बरं. ते मी डोळे उघडे ठेवून पाहतो."

इतकी वर्षं मी ज्या फोनला कंटाळत आलो होतो, तो फोन नेमका कोणाचा होता, हेच मला कळलं नव्हतं. माणसांची साक्ष काढण्याचा धंदा करतो मी.

त्यानंतर त्यांचा सिनेमा पुन्हा सुरू झाला, आता दर मंगळवारी. जमेल तसा मीही जातो. बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला उतरतो, तेव्हा पाय दुखत असतात आणि परतताना जास्त दुखतात. भाटव्यांना अजून सवय झालेली नाही. प्रत्येक भुताला ते पहिल्यांदाच भेटल्यासारखे भेटतात आणि रात्री दिवा लावून झोपतात, असं ताई सांगते.

मागच्या महिन्यात खेळ सुटल्यावर ते थिएटरसमोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले होते. बाकावर आम्ही दोघंच होतो. कितीतरी दिवस मनात होतं ते मी विचारून टाकलं. "ताई, खरं सांग. पडद्यावरचं काही दिसतं का तुला?"

"पडदा लय मोठा आहे रे," ती म्हणाली. "माझ्यात मावत नाही. तुकडे तुकडे दिसतात, मग डोकं दुखते. म्हणून मी तिकडं पाहतच नाही."

"मग कुठं पाहतेस?"

"यांच्याकडं. पडद्याचा उजेड यांच्या तोंडावर पडते ना, तेवढं तोंड बरोबर मावते. इतकी वर्षं बाजूला बसले, पण कधी पाहिलंच नव्हतं. किती भेतात रे ते."

डॉक्टर म्हणतात, नळी आणखी बारीक होत चालली आहे. हे तिलाही माहीत आहे आणि त्यांनाही. तेवढ्यात भाटवे तीन चहा सांभाळत आले. ताईनं हात पुढे केला, तो कपापासून वीतभर बाजूला गेला. बोलता बोलताच त्यांनी कप तिच्या बोटांपाशी नेला, तिची बोटं त्याच्याभोवती मिटेपर्यंत तसाच धरून ठेवला आणि "गरम आहे," एवढंच म्हणाले.