साक्षीतून गाळलेलं वाक्य

रूथवहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. एरवी त्या आधी ‘सलाम भाऊ’ म्हणतात, मग घरातल्या सगळ्यांची चौकशी करतात. त्या सकाळी एवढंच म्हणाल्या, “ह्यांना बाथरूममध्ये चक्कर आलीय, उठत नाहीयेत, तुम्ही या.” अर्धी दाढी तशीच ठेवून मी विद्यानगरहून कुकटपल्लीला निघालो. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, “बीपी की गोली कब से बंद थी?” वहिनी म्हणाल्या, “चार महीने से.” मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “साक्ष दिली त्या आठवड्यापासून.” याला आता सात आठवडे होत आले. वहिनींचं ते वाक्य वाचणाऱ्याला सहज कळायचं नाही, म्हणून सगळं सांगतो.

रूथवहिनींचा नवरा शांतवन भालेराव माझा लहानपणापासूनचा मित्र. आमचे वडील निजामाच्या काळात मराठवाड्यातून इकडे आले, मिशनच्या दवाखान्यात आणि शाळेत कामाला. आम्ही हैदराबादचे मराठी ख्रिस्ती म्हणजे मूठभर घरं. स्वतःचं देऊळ नाही. एका तेलुगू चर्चची मंडळी रविवारी दुपारी आपला हॉल आम्हाला देते, तिथे आमची मराठी उपासना. शांतवनचे वडील लवकर गेले, तेव्हा त्याच्या आईने त्याला गुंटूरच्या मिशन बोर्डिंगात घातलं, सहावी ते दहावी. परत आला तो आमच्यापेक्षा बरं तेलुगू बोलत. प्रार्थना मराठीत, भांडण तेलुगूत आणि भाजीवाल्याशी घासाघीस दखनीत, असा त्याचा कारभार. पुढे तो सरकारी कचेरीत लागला आणि मी एका शाळेत. गेली कित्येक वर्षं मी मंडळीचा सेक्रेटरी आहे. म्हणजे इतिवृत्त लिहिणारा, खुर्च्या मोजणारा आणि सगळ्यांची तोंडं सांभाळणारा. यातलं शेवटचं काम मी फारच मन लावून केलं, असं आता वाटतं.

आंध्रातून तेलंगण वेगळं झालं, राज्याची वाटणी झाली आणि कर्मचाऱ्यांचीही वाटणी सुरू झाली. कोण कुठला, हे शाळा कुठे झाली त्यावरून ठरणार होतं. शांतवनचा जन्म हैदराबादचा, भाषा मराठी, सासुरवाडी जालन्याची. पण गुंटूरच्या बोर्डिंगातल्या त्या पाच वर्षांनी तो कागदावर आंध्रचा झाला, म्हणजे नोकरीही आता तिकडेच. तात्पुरती यादी लागली त्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा रहीमभाई मोठ्याने हसला, “क्या भालेराव साब, आप तो आंध्रा के निकले! हमकू मालूमिच नै था.” शांतवनही हसला. संध्याकाळी माझ्याकडे आला तेव्हा मात्र चहाला हात न लावता बसून राहिला. “मनोहर, मी कुठला रे मग?” मी म्हटलं, “स्वर्गीय यरुशलेमचा. चहा पी.” बायबलातले असले विनोद आमच्यात चालत. त्याला हसू आलं नाही.

त्याने हरकतीचा अर्ज दिला. पण अर्ज दिला म्हणजे उत्तर येतं थोडंच? महिनेच्या महिने गेले. त्याची झोप उडाली. जेवण गळ्याखाली उतरेना, फोन वाजला की तळहात घामाने भिजत. कचेरीतले म्हणत, तिकडे निवृत्तीचं वय जास्त आहे, नशीबवान आहेस. आणि मंडळीतले म्हणत, विश्वास कमी पडतोय. दर शुक्रवारी त्याच्यासाठी उपास झाले. पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अगदी मनापासून केली, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माणूस वाळतच चालला. शेवटी मीच त्याला कोठी भागातल्या एका मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन गेलो. हे मी माझ्या बाजूने मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढे माझ्या बाजूने लिहिण्यासारखं फार काही नाही.

दवाखाना जुन्या पुस्तकांच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर होता. ओळखीचं कुणी भेटलं तर ‘पुस्तकं घ्यायला आलोय’ म्हणायचं, असं आमचं ठरलेलं. त्या सबबीपायी मी खरोखरच चार-दोन पुस्तकं घेतली, ती अजून वाचलेली नाहीत. डॉक्टर भला माणूस. त्याने मनासाठी गोळ्या दिल्या, रक्तदाब तपासला, तो बराच वाढलेला निघाला, त्याचीही गोळी दिली. “दुआ भी करो, गोली भी खाओ, दोनों में झगडा नै है,” म्हणाला. तीनेक महिन्यांत शांतवन माणसात आला. एकदा म्हणाला, “मी गोळी घेताना डोळे मिटून आशीर्वाद मागतो. जेवणाआधी मागतो ना, तसाच. रूथ हसते मला.” मला आजही वाटतं, आमच्या मंडळीत कुणी केलेली ही सगळ्यात शहाणी प्रार्थना होती.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्ष असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते कुणीतरी उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. नावं मी लिहितो. शांतवनचं नाव मीच लिहिलं. आदल्या दिवशी तो काय बोलायचं ते कागदावर उतरवून घेऊन आला. त्यात एक वाक्य होतं : ‘प्रभूने मला डॉक्टरांच्या हातून बरं केलं आणि माझ्या गोळ्या अजून चालू आहेत.’ मी म्हटलं, “हे गाळ. लोक म्हणतील, वेडाच्या गोळ्या खातो. घरात लग्नाची मुलगी आहे.” तो म्हणाला, “पण मग साक्ष अर्धीच राहिली ना रे?” आणि मी, मंडळीचा सेक्रेटरी, म्हणालो, “अर्धी असली म्हणून खोटी होत नाही.” पेन माझ्या खिशात होतं. रेघ मीच मारली.

दुसऱ्या दिवशी तो फार सुंदर बोलला. बायका डोळे पुसत होत्या. ‘आमेन’ सगळ्यात मोठ्याने मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासूनच लोक त्याला शोधत येऊ लागले. कुणाची सून बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली होती, कुणाचा भाऊ घराबाहेर पडत नव्हता. पाळकसाहेबही सांगत, “शांतवनरावांना भेटा. नुसत्या प्रार्थनेने उठून उभे राहिलेत.” त्यांना तरी काय माहीत? आणि शांतवनने त्याच आठवड्यात ते केलं जे फक्त आमच्यातलाच माणूस करील. सांगितलेली साक्ष खरी व्हावी म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. मनाच्या आणि रक्तदाबाच्या, दोन्ही. गोळी ती गोळी, असं त्याने धरलं असावं. वहिनींना म्हणाला, “मी देवाच्या घरात उभं राहून बोललोय. आता रोज सकाळी गोळी घेतली की मी रोज खोटा ठरतो.” वहिनी भांडल्या, रडल्या, म्हणाल्या मनोहरभाऊंना विचारा तरी. तो म्हणाला, “त्याला नको सांगू. त्याला लागेल.” तशी शपथच घातली त्याने. हे वहिनींनी मला मातीनंतर चौथ्या दिवशी सांगितलं.

तो पुन्हा सुकत चालला होता, हे मला दिसत होतं. मी समजलो, यादीची काळजी. डॉक्टर म्हणतात, गोळ्या चालू असत्या तर वाचलेच असते असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हे मला समजतं, पण त्याने मन शांत होत नाही. मी देवाला भ्यालो नव्हतो, लोकांच्या तोंडाला भ्यालो होतो, आणि त्या भीतीला मी देवाचं नाव दिलं. मला माझा राग येतो. कधीकधी त्याचाही येतो... एक फोन केला असतास तर? यादी अजून अंतिम झालेली नाही. शांतवनचं नाव तिच्यात अजून तिकडेच आहे.

गेल्या साक्षीच्या रविवारी मी नावांच्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. उभा राहिलो आणि कोठीचा दवाखाना, गोळ्या, तो कागद, ती रेघ, सगळं सांगितलं. मलाही साखर आहे, मीही रोज गोळी घेतो, हेही सांगितलं. कुणी आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. उपासना सुटल्यावर चहाचे कप घेऊन सगळे भिंतीकडेला उभे राहिले. माझ्याजवळ कुणी आलं नाही.

रूथवहिनी शांतवनच्या जागेवर बसल्या होत्या, डावीकडच्या रांगेत टोकाला. गुडघा पसरता यावा म्हणून तो कायम तिथेच बसायचा. अजूनही ती खुर्ची लोक रिकामी सोडतात, वहिनी सोडून. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“हे तेव्हा बोलायचं होतं, भाऊ.”

“हो, वहिनी.”

मग पर्स उघडून त्यांनी एक गोळी तळहातावर घेतली आणि पाणी मागितलं. मी ग्लास आणून दिला. “महिनाभर झाला, मीही कोठीला जातेय,” त्या म्हणाल्या, भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “त्याच डॉक्टरकडे. जगावंसं वाटत नव्हतं, म्हणून.” वहिनींनी डोळे मिटले, ओठ जरासे हलले, आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी गोळी घेतली. ग्लास माझ्या हातात परत देत म्हणाल्या, “पुढच्या महिन्यात साक्षीला माझं नाव लिहा. आणि मी काय बोलणार, ते आधी विचारायला येऊ नका.”