बारा नगांचा वसंत

लेखन हा माझा प्रांत नव्हे, हे प्रारंभीच नम्रपणे नमूद करतो. नांदेडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्या काळात माझ्या हातून जे काही स्वतंत्र लेखन झाले, ते केवळ प्रश्नपत्रिकांचे. त्यांनाही वाचक पुष्कळ लाभले, परंतु वाचून कुणी प्रसन्न झाल्याचे स्मरत नाही. तेव्हा निवृत्तीनंतर, या वयात, एका जिवंत माणसाविषयी लिहायला बसणे हे धार्ष्ट्यच आहे, आणि त्याबद्दल वाचकांनी मला क्षमा करावी. परंतु आमचे थोरले साडू हा विषयच असा आहे, की त्यांच्याविषयी कुणीतरी लिहायला हवे होते. आणि ज्यांना लिहिता येते, त्यांच्यापैकी कुणाचेही ते साडू नाहीत.

माझे असे स्पष्ट मत आहे, की कापडाच्या धंद्यात राहून कापडाशी एवढे वैर धरणारा दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. लातूरच्या बाजारपेठेत साडूंचे तयार कपड्यांचे वडिलोपार्जित दुकान आहे. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे ओढून ते सकाळी गल्ल्यावर बसतात आणि आलेल्या गिऱ्हाइकाला परतवण्याच्या उद्योगाला लागतात. एखादा शेतकरी मुलाला घेऊन येतो, शर्ट दाखवा म्हणतो. साडू शांतपणे विचारतात, "घरी किती हायेत?" तो म्हणतो, "हायेत की सात-आठ." त्यावर साडू म्हणतात, "मग नववा कामून? आठवड्यात वार वाढलेत का?" गिऱ्हाईक विचारात पडते, 'शेठ खरं बोलून राहिले' असे कबूल करते, पाणी पिते, आणि शेजारच्या दुकानात जाऊन दोन शर्ट घेते. धंदा प्रत्यक्षात सांभाळणारा त्यांचा मुलगा फार सोशिक आहे. तो एकदाच, तेही हात जोडून, म्हणाल्याचे मी ऐकले आहे, "पप्पा, तुम्ही दुपारी घरी झोपत जावा. दुकानाला तेवढाच आराम."

साडूंना अशा लहरी पूर्वीपासूनच येतात. एके वर्षी त्यांनी, चिरल्याने भाजीचा जीव जातो असे ठरवून, घरात विळी बंद केली होती. त्या काळात मी त्यांच्याकडे जेवायला गेलो असता माझ्या ताटात एक संपूर्ण दोडका, देठासकट, भाकरीच्या शेजारी लांबलचक पहुडलेला होता, आणि त्याला कोणत्या टोकाकडून सुरुवात करावी हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. त्यानंतर उलटे चालण्याचे वर्ष आले. सकाळी मैदानावर ते पाठमोरे चालत, आणि समोरून येणाऱ्यांना जाताना नमस्कार करीत. या सर्व प्रयोगांत त्यांचा उत्साह एवढा निर्मळ असतो, की त्यांना विरोध करणे म्हणजे लहान मुलाच्या हातातला फुगा फोडणे वाटते. माझ्या थोरल्या मेहुणीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, विरोध करीत नाहीत. त्या फक्त वाट पाहतात.

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास साडूंनी मोबाइलवर एका परदेशी बाईंची चित्रफीत पाहिली. बाईंच्या खिडकीबाहेर बर्फ वितळत होते, आणि त्या सांगत होत्या, की वसंत ऋतूसाठी माणसाने मोजके बारा कपडे निवडावेत, आणि ते असे निवडावेत, की त्यांतला कोणताही कोणत्याही दुसऱ्याबरोबर शोभेल. मग वर्षानुवर्षे नवे काही विकत घ्यावे लागत नाही. कापडाच्या दुसऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याने हे ऐकून मोबाइल खिशात घातला असता. साडूंनी दुकानातल्या नोकरांना एकत्र बसवून ती चित्रफीत त्यांना दाखवली.

येथे माझ्या विषयापुरते एक निवेदन करणे आवश्यक आहे. आमच्याकडे वसंत येतो, नाही असे नाही. पळस पेटतो, कडुलिंबाला मोहर येतो, पहाटे त्याचा मंद कडवट वास सुटतो. पण हे सगळे आपल्या लक्षात येईपर्यंत ऊन डोक्यावर येऊन बसलेले असते. मी हे साडूंना माझ्या परीने समजावण्याचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तुम्ही झाडांचं बघा, सर. मी माणसांचं बघून राहिलोय." आणि ते बारा नगांच्या निवडीला लागले. चार शर्ट, तीन पँटी, दोन नेहरू शर्ट, दोन पायजमे आणि एक कोट. सगळ्यांवर सगळे शोभायचे, तर रंगांनी आपापसांत भांडता कामा नये, हे त्यांचे तत्त्व होते, आणि न भांडणारे रंग शोधता शोधता ते शेवटी बारदानापाशी येऊन थांबले. एक शर्ट वाळूच्या रंगाचा, एक राखेच्या, एक ज्वारीच्या भाकरीच्या, आणि चौथा त्या तिघांची काहीतरी चूक झाल्यासारखा. या बारा नगांतून डझनांनी पेहराव होतात, हे ते भेटेल त्याला बोटांवर मोजून दाखवीत. मेहुणीबाई म्हणाल्या, "डझनानं म्हणतेत, मला तर होळीपासून एकच दिसून राहिलाय."

कोटाची कथा स्वतंत्र आहे. परदेशी बाईंनी वसंतातल्या गार संध्याकाळींसाठी एक हलका कोट सांगितला होता, म्हणून साडूंनी तो शिवून घेतला. लातुरात त्या दिवसांत संध्याकाळीसुद्धा भिंतींना हात लावला तर चटका बसतो. कोट अंगात घालणे शक्य नव्हते, आणि बारा नगांतला एक घरी ठेवणे तत्त्वात बसत नव्हते. म्हणून तो नेहमी त्यांच्या डाव्या हातावर घडी करून टाकलेला असे. लग्नात, बाजारात, भाजी घेताना, डाव्या हातावर कोट. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "गार वारं सुटलं तर?" मी विचारले, "कुठून?" त्यांनी चारी दिशांना पाहिले आणि म्हणाले, "कुठूनबी."

रंगांची निवड किती अचूक झाली, हे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, सिद्ध झाले. तिथल्या एका आडत दुकानात साडू मित्राची वाट पाहत तुरीच्या पोत्यांना टेकून बसले असताना त्यांना डुलकी लागली. हमाल एकेक पोते उचलत त्यांच्यापर्यंत पोचला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून मालकाला ओरडून विचारू लागला, "हे किती किलोचं?" साडूंनी डोळे न उघडता उत्तर दिले, "बहात्तर." ही हकीकत दुसरा कुणी लपवून ठेवेल. साडू स्वतः सांगतात, आणि शेवटी म्हणतात, "रंग किती जमून आलाय बघा."

बारा नग ठरले, तेव्हा उरलेल्या कपड्यांची वाटणी झाली, आणि त्यात अक्कांचा शर्टही गेला.

अक्का म्हणजे साडूंची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे या धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले. भावाला त्या 'तम्मा', म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, म्हणतात, आणि सत्तरी जवळ आली तरी साडू त्यांच्यासाठी तम्माच आहेत. अक्का अहमदपूरला मुलगा-सुनेजवळ राहतात आणि दरवर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी एसटीने एकट्या लातूरला येतात. येताना भावाला एक शर्ट आणतात, आणि मागच्या वर्षीचा अंगात घालून भाऊ त्यांना उतरवून घ्यायला जातो. भावाचे कपड्यांचे दुकान असताना बहिणीने शर्ट आणण्यात काही विसंगती आहे, हे दोघांपैकी कुणालाही कधी जाणवलेले नाही. आम्ही उभयता पाडव्यासाठी त्याच दिवशी नांदेडहून लातूरला जातो, वाटेत अहमदपूर लागतेच, म्हणून मी अक्कांना सोबत येण्याविषयी दरवर्षी सुचवतो. त्या म्हणतात, "तुम्ही जावा जी पुढं. सुनबाई बसवून देती, लातूरला तम्मा उतरवून घेतो. त्याला सोबत कशाला?"

आता या शर्टांचा रंग वर्षागणिक चढत गेला होता. पूर्वी फिकट आकाशी असे, मग गडद निळा आला, मग झेंडूचा, आणि अलीकडे पोपटी. तोही असा, की खऱ्या पोपटाने पाहून खजील व्हावे. वय झाले की माणसाला भडक आवडू लागते, असा निष्कर्ष आम्ही सर्वांनी काढला होता. तो पोपटी शर्ट साडूंनी दुकानासमोरच्या थांब्यावरच्या गफूर रिक्षावाल्याला दिला. गफूरला तो फार आवडला. तो रोज तोच घालू लागला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी साडू आणि मी अक्कांना आणायला बसस्थानकावर गेलो, तेही गफूरच्याच रिक्षाने. साडूंनी त्या दिवशी विशेष विचारपूर्वक राखेच्या पँटीवर वाळूचा शर्ट चढवला होता. बहिणीने आपला वसंत प्रथमदर्शनी आणि पूर्ण पाहावा, म्हणून ते फलाटाच्या मधोमध, डाव्या हातावर कोट नीट पसरून, फोटोला उभे राहावे तसे उभे राहिले. मला त्यांनी बजावले, "हाक मारू नका. बघू दे आधी." गफूर आमच्या मागे, खांबापाशी. गाडी आली. अक्का सावकाश उतरल्या, क्षणभर थांबल्या, मान थोडी तिरकी करून त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली, चेहरा उजळला, आणि त्या चालू लागल्या. साडूंनी छाती पुढे काढली. अक्का त्यांच्या उजव्या बाजूने, पदर घासून जाईल इतक्या जवळून, पुढे गेल्या आणि गफूरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"किती वाळलास रे तम्मा," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या बाहीचे कापड चिमटीत धरून पाहिले. "रंग मात्र न्हाई गेला हो."

गफूर बिचारा अदबीचा माणूस. मोठ्या माणसाला नाही कसे म्हणावे हे न सुचून त्याने खाली वाकून सलाम केला. अक्कांनी आशीर्वादासाठी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आमचे साडू ऐन तारुण्यातच टकले झाले, हे आता सांगितले पाहिजे. अक्कांचा हात गफूरच्या दाट केसांत तसाच थांबला.

"तम्मा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "केस कवा आले तुला?"

मी हसलो. साडूही हसू लागले होते. मग आमच्या दोघांचेही हसणे एकाच वेळी संपले, कारण अक्कांचा हात तिथून निघेना, आणि त्या कुणाकडेच पाहत नव्हत्या.

बाकावर बसल्यावर त्या बोलल्या. मोतीबिंदू नव्हता, डोळ्यांचा मागचा पडदा गेला होता. "कापून काढायसारखं काही न्हाई म्हणतेत. माणसं दिसतेत, पर समदी सारखीच. धुरात असल्यावानी. रंग तेवढा कळतो. म्हणून दुकानात म्हणायची, बाबा, लांबून दिसंल असा दाखव. दर साली जरा चढताच घेत गेले. औंदा पोपटीहून चढता मिळालाच न्हाई, म्हणून मोकळ्या हातानं आले."

साडूंनी विचारले, "घरी ठावं हाय?"

"न्हाई. अन् तू सांगायचं न्हाईस. सांगितलंस की माझी एसटी बंद. मग कुणाला सवड व्हईल तवा माझ्या भावाचं घर. एवढं एक यायचं-जायचं माझं माझं हाय, ते ऱ्हाऊ दे." मग त्या म्हणाल्या, "शर्ट देऊन टाकलास, त्याचं काही न्हाई. पर तू कुठं उभा हाईस, ते मला कळू दे की रे."

गफूर जवळ येऊन म्हणाला, "शेठ, शर्ट उतरून देऊ का?" साडूंनी मान हलवली. "नको. आता तुला बी वळखायला लागली ती."

संध्याकाळी ते दुकानात गेले आणि मुलाला म्हणाले, "पोपटी शर्ट काढ. असंल तितका भडक." मुलाला मोह आवरला नाही, आणि एवढी वर्षे गिळलेला प्रश्न अखेर बाहेर पडला. "पप्पा, घरी किती हायेत?"

"असा एकबी न्हाई," साडू म्हणाले, आणि त्यांनी तिथेच तो अंगात घातला.

यावरून साडूंनी तत्त्व सोडले, असा गैरसमज वाचकांनी करून घेऊ नये. नग बाराच. तेरावा आला, म्हणून एक जायला हवा होता, आणि विचारांती कोट गेला. तो दुकानाच्या दर्शनी भागी लावलेला आहे, आणि कुणी किंमत विचारली तर साडू त्याला अजूनही परतवून लावतात. पोपटी शर्ट इतर अकरांपैकी एकाशीही जुळत नाही. राखेच्या पँटीवर तो असा दिसतो, की विझलेल्या चुलीवर कुणी कोथिंबिरीची जुडी ठेवून विसरले असावे. साडू म्हणतात, "जुळायचं काय ते बाकीच्यांनी जुळून घ्यावं."

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा बसस्थानकावर होतो. गाडीला अवकाश होता. ऊन भाजून काढत होते, स्थानकाच्या भिंतीपलीकडच्या कडुलिंबाचा मोहर फलाटावर येऊन पडत होता, आणि सावली सोडून, भर उन्हात, सगळ्यांना दिसेल अशा जागी आमचे साडू पोपटी शर्ट घालून उभे होते. त्यांच्या टकलावरही थोडा मोहर पडला होता. येणारे-जाणारे पाहून हसत होते. अहमदपूरची गाडी लागली. अक्का उतरल्या, क्षणभर थांबल्या, मान तिरकी केली, आणि त्या गर्दीतून कुठेही न चुकता सरळ चालत आल्या. साडूंनी डावा हात पुढे केला. त्या हातावर आता काही नव्हते. अक्कांनी तो धरला.

नांदेडला परतल्यावर मी माझे कपाट उघडून पाहिले. सगळे पांढरे, आणि एकमेकांशी उत्तम जुळणारे. जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या, त्यामुळे शेवटी प्रश्नाशिवाय काही सुचत नाही, तो विचारून थांबतो. गर्दीत तुम्हाला शोधणारे जे कुणी माणूस असेल, त्याला तुम्ही लांबून दिसाल, असा एखादा कपडा तुमच्याकडे आहे का?