बदललेलं पुढं द्यायचं

परभणी जिल्ह्यात हाती आलेली वस्तू आहे तशी कधीच वापरायची नाही असं ठरवून जगलेला एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. येलदरीच्या वीजघरात नोकरी करून ते रिटायर झाले आणि जिंतूरला घर करून राहिले. बायको आधीच वारलेली, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं. आत उघडणारं दार त्यांनी बाहेर उघडणारं केलं. ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागायला लागलं म्हणून परत आत उघडणारं केलं, आणि दोन्ही वेळेस गल्लीला बोलावून चहा पाजला. सायकलीची घंटी पायाने वाजायची. सदऱ्याचा खिसा पाठीवर शिवून घेतलेला. "पुढचा खिसा वाकलं की रिकामा होतो, विहीणबाई," असं त्यांनी मला लग्नाच्या मांडवातच समजावलं. त्या पाठीवरच्या खिशातला चष्मा काढायला दुसरं माणूस लागायचं, आणि लग्नानंतर ते दुसरं माणूस म्हणजे माझी सुजाता झाली. तिथूनच माझ्या पोटात दुखायला लागलं, हे सरळ सांगून टाकते.

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मला नावं ठेवायला मोकळीक मिळाली असती. पण त्यांनी हुंडा घेतला नाही. नवरीचं नाव बदलायचं का, असं कोणीतरी विचारलं तर म्हणाले, "सुजाता चांगलं चालू नाव हाय. त्यात बिघाड काय झालाय?" साऱ्या जन्मात एवढी एकच गोष्ट त्यांनी होती तशी ठेवली असेल. मांडवातल्या बायका म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं. मला ते आवडलं नाही. नवरा गेल्यावर चारठाण्यात लोकांच्या रानात खुरपून मी तिला बारावीपर्यंत शिकवलं, टायपिंगच्या परीक्षेला बसवलं. नशीब तिनं कुठलं काढलं, ते मी काढलं होतं. आणि महिना झाला नाही तोवर ही त्या माणसाला 'बाबा' म्हणायला लागली.

"समद्या सुना सासऱ्याला मामा म्हनतात," मी म्हणाले.

"ते सासऱ्यावानी वागतच न्हाईत, आई. मी काय करू?"

मग कॉम्प्युटर आला. जुनाच, परभणीच्या कुठल्याशा ऑफिसातून मोडीत निघालेला. व्याह्यांचा एक पुतण्या पुण्याला इंजिनिअर होता, तो चपलांच्या खोक्यात भरून फ्लॉप्या पाठवायचा. तळहातावर मावतील अशा चपट्या काळ्या चकत्या. व्याही एस्टी स्टँडवर जाऊन ते खोकं असं उतरवून घ्यायचे, जसं काही पाहुण्याचं झोपलेलं लेकरू. बुरशी लागू नये म्हणून त्या फ्लॉप्या ज्वारीच्या कोठीत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या असत, आणि दळणाची ज्वारी काढताना सुजाताला आधी त्या हलक्या हाताने बाजूला काढाव्या लागत. त्यांच्यात 'लिनक्स' नावाची यंत्रणा होती. मशीन नुसतं पेटतं, पुढं काय करायचं ते त्याला ही यंत्रणा सांगते, एवढं मला समजलं. एकामागून एक फ्लॉपी घालून ती मशीनवर बसवायची, आणि निम्म्यावर आलं की जिंतूरची लाइट जायची. जन्मभर वीज तयार केलेला माणूस मग अंगणात येऊन येलदरीकडे तोंड करून भांडायचा. "धरणात पानी हाय, मशीनी म्या सोता बसवल्यात, मंग लाइट जायलीय कुठं?" लाइट आली की परत पहिल्या फ्लॉपीपासून सुरुवात. ते एका बोटाने टाइप करायचे, सुजाता दहा बोटांनी. जावई परभणीला नोकरीला होते. शनिवारी घरी आले की बाप आणि बायको मशीनपुढे बसलेली बघून ते आपला चहा आपणच करून घ्यायचे.

यंत्रणा बसली एकदाची, मग तिला बदलायला सुरुवात झाली. घरी आलेल्या माणसाला चहाच्या आधी एक बदल सुचवावा लागायचा. दूधवाल्याने पडद्यावरची अक्षरं पिवळी करून घेतली, पोस्टमनने हिरवी. चुकीचं काही टाइप झालं तर मशीन इंग्रजीत कुरकुर करायचं. व्याह्यांनी यंत्रणा आतून उघडली, पुतण्याला विचारत विचारत ती कुरकुर शोधली, आणि तिथं इंग्रजी अक्षरांतच पण आपल्या बोलीत लिहिलं, 'न्हाई समजलं, परत सांगा.' त्या हिवाळ्यात विद्यापीठाचं नामांतर झालं. आमच्या वस्तीत पेढे वाटले, लोक गळ्यात पडून रडले. मी पेढे घेऊन जिंतूरला गेले, तर व्याही पेढा तोंडात ठेवूनच मशीनपुढे बसले. त्या मशीनला कुठलंसं परदेशी नाव होतं, ते काढून त्यांनी 'येलदरी' ठेवलं. "बघा विहीणबाई, नामांतराला एक ओळ लागती. सरकारला किती वर्षं लागली!" सगळे हसले. मी पण हसले असते, पण सुजाता सगळ्यांत मोठ्यानं हसली. माझ्या घरात ती इतकी कधी हसली होती ते मला आठवेना.

माहेरी चार दिवसांसाठी आली की दुसऱ्या दिवशीच पिशवी भरायला घ्यायची. "बाबांला एकट्याला जमायलं न्हाई तिथं." मी केलेली पुरणपोळी खायची आणि तोंडाने फ्लॉपीच्या गोष्टी सांगायची. सवत असती तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या. सासऱ्याचं काय धरणार?

तिला सातवा महिना लागला तेव्हा मी जिंतूरला न्यायला गेले. पहिलं बाळंतपण आईकडे, यात विचारायचं काही नसतं. माझ्या हातचं बाळंतपण झालं की पोर परत माझी होईल, असं माझ्या मनात होतं. त्याच एका आशेवर मी तिचं सगळं बाबा-बाबा ऐकून घेतलं होतं.

"चल, पिशवी भर," मी म्हणाले.

"आई, बाळंतपन इथंच करावं म्हनते. मशीनचं काम निम्म्यावर आलंय."

"घरात बाईमानूस न्हाई. कोन करनार बाळंतपन, फ्लॉपी?"

"मी हाय की, विहीणबाई," व्याही मशीनमागून बोलले. "येलदरीची टर्बाइन खोलून परत बसवलीय म्या."

"माझी लेक टर्बाइन न्हाई."

वातावरण तापलं हे त्यांनाही कळलं. मला थंड करायला त्यांनी मला खुर्ची दिली आणि लिनक्सची थोरवी सांगायला घेतली. त्यांना दुसरा उपायच माहीत नव्हता. "लय मोठ्या मनाच्या लोकांनी केलंय हे. फुकट घ्यायचं, उघडून बघायचं, आपल्या घराजोगं बदलायचं. अट एकच. बदललेलं अडवून धरायचं न्हाई. मोकळ्या हातानं पुढं द्यायचं."

"अट बरी हाय," मी म्हणाले. "मंग माझी लेक तुमी हुंड्याबिगर घेतली. आपल्या घराजोगी बदलली. आता मी मागायलेय. द्या."

"आई! मी काय फ्लॉपी हाय का?"

"तू गप. मी तुझ्याशी बोलायले न्हाई."

व्याह्यांचा हात चष्म्यासाठी पाठीकडे गेला, खिशापर्यंत पोचला नाही, तसाच परत आला. सुजाता उठली नाही. मीही उठले नाही. मग व्याही म्हणाले, "अट म्हनजे अट. पर सुजातालाबी इचारा. ती वस्तू न्हाई."

सुजाता माझ्याकडे बघत म्हणाली, "मशीन बरुबर आलं तर येते."

दुसऱ्या दिवशी जीप केली. पुढे सुजाता, मागे मी, आणि माझ्या शेजारी गोधडीत गुंडाळलेला मशीनचा पडदा मांडीवर घेऊन व्याही. गोधडी त्यांच्या बायकोच्या हातची होती. खड्डा आला की ते पडद्याला म्हणायचे, "हळू, हळू." चारठाण्याला आल्यावर माझ्या घरात त्यांनी वायर ओढली, प्लग बसवला, माझ्या टेबलाचा पाय कापून सरळ केला, आणि माझ्या दाराकडे बघायला लागले.

"दाराला हात लावू नका," मी म्हणाले.

"न्हाई लावत." मग चपला घालताना थांबले. लेक इथं, मशीन इथं, घरी कोणी नाही, हे मला तेव्हा दिसलं.

"आता घरी जाऊन काय करनार?"

"पंखा खोलतो."

"बिघडलाय का?"

"न्हाई."

गोधडी माझ्याकडेच विसरून गेले. मला वाटलं, जिंकले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताने मशीन लावलं तर पडद्यावर काहीतरी उमटलं. मी चौथी शिकलेली, इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. "काय म्हनतंय?" मी विचारलं.

"जेवलीस का, सुजाता."

"कोन इचारायलंय?"

"बाबांनी लिहून ठेवलंय. रोज इचारतं."

माझ्या घरात, माझ्या लेकीला, माझ्याआधी! मग मी पहाटेच उठून तिला उठवायला लागले, मशीन बोलायच्या आत विचारायचं म्हणून. ती डोळे न उघडताच म्हणायची, "आई, अजून चूल तरी पेटलीय का?"

मुलगी झाली. बाळंतपण नीट पार पडलं, माझ्याच हातून. नाव ठेवायच्या दिवशी व्याही आले, बाळाला घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "हिला काय बदलायचं न्हाई." मग कोणी बघत नाही असं समजून एका बोटाने मशीनवर काहीतरी करत बसले. मी बघत होते. ते गेल्यावर सुजाताने मशीन लावलं आणि वाचलं.

"काय म्हनतंय आता?"

"आई इचारते, जेवलीस का."

पुढे अटीप्रमाणे मीही अडवून धरलं नाही. जीप आली, लेक गेली, नात गेली, मशीन गेलं. पडदा माझ्या शालीत गुंडाळून दिला. ती गोधडी मी दिली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही. आता व्याहीही राहिले नाहीत, आणि तसलं मशीन आता कोणी मोडीतसुद्धा घेत नाही. त्यांचा हेवा करण्यात मी आयुष्यातली चांगली वर्षं घालवली, आता करायला माणूस नाही. त्या दिवशी जीप वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी आत आले. घरात काहीच काम नव्हतं. गोधडी चांगली होती, टाका कुठं निघाला नव्हता. मी ती मांडीवर घेतली, सुई घेतली आणि आपल्या घराजोगी करायची म्हणून एका कोपऱ्यापासून उसवायला बसले.