डोंगरावरच्या माठातलं पाणी

ती घटना आठवली, की तोंडाशी नेलेला पाण्याचा ग्लास आजही क्षणभर थांबतो. नोकरीत खून पाहिले, दंगली पाहिल्या, विहिरीतून प्रेतं काढली. या सगळ्याची हळूहळू सवय होते. होत नाही म्हणणारा पोलीस एक तर नवा असतो किंवा थापा मारतो. पण मे महिन्यातल्या त्या रविवारी आणि सोमवारी मला जो धक्का बसला, त्याची सवय अजून झालेली नाही.

मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पडेगावच्या पुढे, दौलताबाद रस्त्यापासून थोडा आत एक डोंगर आहे. शहर तापायला लागलं, की सुट्टीच्या दिवशी लोक सकाळी सकाळी तिकडे चढायला येतात. कुणी बजाजनगरहून मोटारसायकलवर आलेला कंपनीतला कामगार, कुणी वकील, कुणी शाळेतल्या बाई. माथ्यावर वारा खायचा, सूर्यनमस्कार घालायचे, पोरांना दोर बांधून कातळ चढायला शिकवायचं, डब्यातली काकडी आणि कैरीचं पन्हं संपवायचं, आणि ऊन चढायच्या आत खाली यायचं.

अशांचा एक गट होता. त्यांचा एक नियम मला फार आवडायचा. रिकाम्या हातानं डोंगर चढायचा नाही. प्रत्येकानं घरून पाच लिटर पाण्याचा कॅन आणायचा, पायथ्याशी सगळ्यांनी कॅन वर धरून फोटो काढायचा आणि मग चढायचं. वर लावलेल्या झाडांना थोडं पाणी घालायचं, बाकीचं वाटेतल्या पाणपोईच्या माठात ओतायचं. माठात वाळ्याची जुडी टाकलेली असायची. मीही एकदोनदा ते गार, वासाचं पाणी प्यायलो होतो.

त्या रविवारी नऊच्या सुमारास सरकारी दवाखान्यातल्या चौकीवरून फोन आला. डोंगरावरून पाच जणांना आणलंय, उलट्या होतायत, तोंडाला फेस आहे. मी गेलो तेव्हा चौघं बोलत होते. पाचव्या, शाळेतल्या बाई, बोलण्यापलीकडे गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "साहेब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. हे फवारणीच्या औषधासारखं विष आहे. या बाई वाचतील का, ते मी आज सांगू शकत नाही." पाचही जण त्या माठातलं पाणी प्यायले होते. बाईंचे यजमान भिंतीला टेकून उभे होते, आणि बायकोच्या पायातला बूट त्यांनी हातात धरून ठेवला होता.

गटाचे अध्यक्ष तिथंच धावपळ करत होते. एका कार्यालयात अधिकारी, मूळचे गंगापूर तालुक्यातले, गावाकडं कापूस आणि ऊस अजून चालू. अतिशय सभ्य माणूस. कुणासाठी चहा आण, कुणाच्या घरी फोन कर, सगळं तेच पाहत होते.

आम्ही डोंगरावर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. माठ, वाळा, उरलेलं पाणी, झाडाखाली रचलेले पांढरे रिकामे कॅन, सगळं पंचनामा करून सील केलं. उतरतानाच मला फोन आला. बोलणाऱ्यानं आधी वचन घेतलं, माझं नाव कुठं येता कामा नये. मग म्हणाला, "त्या शेळ्या राखणाऱ्याला विचारा. महिन्याभरापूर्वी सगळ्यांसमोर म्हणाला होता, तुमच्या माठात कालवतोच काहीतरी."

खबर खोटी नव्हती. गटाची रोपं शेळ्यांनी खाल्ली होती, त्यावरून भांडण झालं होतं, आणि म्हातारा तसं बोलला होता. साक्षीदार पाच-सहा निघाले. दुपारी आम्ही त्याला ताब्यात घेतलं. साठीचा, काटक, डोक्याला मळकं मुंडासं. त्याच्या पिशवीत भाकर, चुन्याची डबी आणि अर्धी बाटली निघाली. गोचिडाचं औषध. तेही विषच. माझ्या हवालदारानं माझ्याकडं पाहिलं आणि आम्ही दोघंही मनातल्या मनात फाइल बंद करून मोकळे झालो.

"विष कुठून आणलंस?"

"ते शेळ्यायच्या गोचिडाचं हाय साहेब. अंगाला लावाया."

"माठात किती टाकलंस?"

"नाय टाकलं. श्या दिल्या, ते व्हय. लई राग आला व्हता. पण पान्यात इख कालवनारा मानूस कसला? मी बी तेच पानी पितो ना."

"मग आज का नाही प्यायलास?"

"आज त्यायनी हाकललं पानपोईपासून."

हे उत्तर तर मला कबुलीजबाबासारखंच वाटलं. तेच तीन प्रश्न आम्ही रात्रीपर्यंत आलटून पालटून विचारत राहिलो. मारहाण केली नाही, हे खरं. पण अंगावर ओरडलो, आईबापांचा उद्धार केला, उन्हातल्या व्हरांड्यात बसवून ठेवलं, हेही खरंच. त्याची बायको ठाण्याच्या फाटकाबाहेर येऊन बसली. शेळ्या कुणाच्या भरवशावर सोडल्या म्हणून तो सारखा विचारत होता, आणि आम्हाला त्याचा राग येत होता. तिकडं एक बाई मरणाच्या दारात, आणि याला शेळ्यांची पडलीय!

चोवीस तासांच्या आत त्याला कोर्टापुढं उभं करायचं होतं. सोमवारी सकाळी हजेरी झाल्यावर मी कागद करायला बसलो. खुनाचा प्रयत्न. बाई गेल्या असत्या तर सरळ खून. त्या वयाचा माणूस आत गेला असता तर जिवंत बाहेर आला नसता. जबाबात शेवटची ओळ म्हणून मी सहज विचारलं, "तुला आणखी काही सांगायचंय?" हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो. उत्तर ऐकायला बहुधा कुणी थांबत नाही.

तो म्हणाला, "त्यो पिवळा क्यान घावला का?"

"कसला पिवळा?"

"समद्यायचे क्यान पांढरे असत्यात. काल येक पिवळा व्हता. त्यो मोठा साहेब, त्यायचा म्होरक्या, त्याच्या हाती. माठात त्यानंच रिचवला. मागून सकाळीच त्यो येकटाच गाडी घिऊन परत आला अन् क्यान घिऊन गेला. मी वर खडकावर बसलो व्हतो."

"अरे, मग काल का नाही बोललास?"

"तुमी इचारलं, इख कुठून आनलं. क्यानचं कोन इचारलं?"

माझा पेन हातातच राहिला. हवालदार म्हणाला, "साहेब, बनवतोय." मलाही तसंच वाटावं असं फार वाटत होतं. पण पंचनाम्यात एकही पिवळा कॅन नव्हता, हे मी स्वतः लिहिलं होतं. मी उठलो आणि दवाखाना गाठला.

बाईंचे यजमान तिथंच होते. रविवारचा फोटो मागितला, तर म्हणाले, "अध्यक्षांनी ग्रुपवरून काढून टाकला. बायको अशी पडलेली असताना हसरे चेहरे बरे दिसत नाहीत म्हणाले. मला त्यांचं तेव्हा कौतुक वाटलं. पण माझ्या मोबाइलमध्ये आपोआप उतरलाय." त्यांनी फोटो उघडला. सगळे हसतायत. बाई पहिल्या रांगेत, कॅन डोक्यावर धरून. आणि मधोमध अध्यक्ष, हातात पिवळा कॅन.

अध्यक्षांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि माझा चेहरा पाहून बाजूच्या खुर्चीत बसले. कॅन गाडीच्या डिकीत होता. फवारणीच्या औषधाचा, शेतावरून आणलेला, लेबल खरवडलेलं. आमच्याकडं रिकामा कॅन कुणी टाकत नाही. धुऊन त्यात डिझेल ठेवतात, पाणी नेतात, तूर ठेवतात. "तीन वेळा साबणानं धुतला होता साहेब," ते म्हणाले, "आठ दिवस उन्हात वाळवला. पांढरा फुटला होता, म्हणून हा घेतला. देवाशप्पथ सांगतो." मी झाकण काढून कॅन उलटा केला. काही नाही. कॅनची मूठ आतून पोकळ असते. ती मी जमिनीवर आपटली आणि कॅन तिरका धरला, तेव्हा मुठीतून पिवळसर घट्ट थेंब ओघळले. धुण्याचं पाणी तिथवर गेलंच नव्हतं. चढताना हेलकावे बसून औषध पाण्यात उतरलं, आणि वास वाळ्यानं झाकला.

चूक होती, आणि आमच्या भागात कुणाच्याही हातून झाली असती. माझ्या भावाच्या शेतावरही असे चार कॅन आहेत. पण अध्यक्षांनी दवाखान्यात डॉक्टरांना एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर नेमकं विष कळून उपचाराला आधीच दिशा मिळाली असती. ते शेतकऱ्याचं पोर, पहिली उलटी पाहूनच काय झालंय ते त्यांनी ओळखलं होतं. ओळखून ते डोंगरावर परत गेले.

म्हाताऱ्याला मी स्वतः फाटकापर्यंत सोडायला गेलो. काल "तू" म्हणणारा मी त्याला "बाबा" म्हणालो, ते माझं मलाच कसंतरी वाटलं. माफी मागितली. तो बायकोकडं वळून म्हणाला, "काळी घावली का?" काळी म्हणजे त्याची गाभण शेळी. ती सापडली नव्हती. बाई अकरा दिवसांनी शुद्धीवर आल्या. वाचल्या, पण डोंगर पुन्हा चढल्या नाहीत. अध्यक्षांवर निष्काळजीपणाचा, पुरावा लपवल्याचा आणि दिशाभूल करणारी खबर दिल्याचा गुन्हा दाखल झाला. हो, तो फोन त्यांचाच होता, दुसऱ्याच्या मोबाइलवरून केलेला. घाईत मी आवाज ओळखला नाही.

त्यांचा जबाब घेताना मी त्यांना विचारलं. तपासासाठी ते गरजेचं नव्हतं, मला स्वतःला हवं होतं. "भीती वाटली, कॅन लपवलात, इथवर समजू शकतो. पण एका निरपराध माणसाचं नाव कशाला घेतलंत? तो बोलला तर तुमचंच बिंग फुटणार होतं. त्यानं तुम्हाला पाहिलं होतं."

 ते म्हणाले, "साहेब, मला माहीत होतं, त्यानं पाहिलंय. पण त्याचं नाव सांगितल्यावर तुम्ही त्याचं काही ऐकून घेणार नाही, याची खात्री होती."

पोलिसाला माणसं ओळखता यायला हवीत, असं मी नव्या पोरांना कायम सांगायचो. त्या माणसानं मला किती बरोबर ओळखलं होतं!