बशीएवढा दिवा

सिग्नल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये दिव्यांची मापं इंचांत कुणी बोलत नसे. जुना आठ इंची दिवा म्हणजे बशी आणि नवा बारा इंची म्हणजे ताट. ती तिथे कामाला लागली त्या दिवशी मुकादमाने तिच्यापुढे खोकी सरकवली होती. "बश्या तुमच्याकडे, वहिनी. फोडू नका, आता नव्या मिळत नाहीत."

"घरच्याही माझ्याकडेच आहेत," ती म्हणाली होती. "अजून एक फुटलेली नाही."

तेव्हापासून ती सगळ्यांची वहिनी झाली. तांत्रिक कोर्स झालेला, शिडीची गाडी स्वतः चालवायची, खांबावर चढताना खाली बघायची नाही. बश्यांवर तिचा विशेष जीव. त्या बनवणं कधीच बंद झालं होतं, पण शहराचा जुना भाग अजून त्यांच्यावरच चालत होता. तिथले खांब बारीक. त्यांच्यावर ताट टांगलं तर वाऱ्याने हेलकावे खाऊन एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात यायचं. शिवाय चालतंय तोवर हात लावायचा नाही, असा वरचा नियम. मग वहिनी एका बशीची काच, दुसरीचा पत्रा घेऊन तिसरी उभी करायची, आत नवा बल्ब बसवायची आणि काजळी साबणाच्या पाण्याने घासून काढायची.

"तुमच्यामुळे या बश्यांना मरण नाही," इंजिनियर म्हणायचे. तिला ते ऐकायला आवडायचं.

एकदा एका ट्रकने मागे येताना पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यावरचा खांब वाकवला. नवा जाड खांब आला, म्हणून तिथे ताटं लागली. तिनेच लावली. त्या संध्याकाळी जेवताना तिचा नवरा म्हणाला, "पंपाच्या कोपऱ्यावर सिग्नल बसवलात, बरं केलंत. फार गरज होती तिथे."

नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. त्यांची मुलगीही त्याच व्हॅनने जायची.

"बसवला नाही, बदलला," ती म्हणाली.

"बदलायला आधी होता कुठे?"

मुलगी फिस्सकन हसली. वहिनीही हसली. "आपल्या लग्नाच्या आधीपासून आहे तो. तुम्ही रोज त्याच्याखालून जाता."

त्याचा घास हातातच राहिला. "असेल. लक्ष गेलं नसेल," म्हणून त्याने पाणी मागितलं.

चेष्टाच करत असेल, तिने मनाला समजावलं. पण मुलांना घरी सोडल्यावर रिकामी व्हॅन घेऊन तो रोज त्याच कोपऱ्यावरून डिझेल भरायला जायचा. रात्री जेवणाची ताटं पुसता पुसता तिचा हात थांबायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "मला आज तुमच्या व्हॅनमधून कामावर सोडा."

"अगं, मुलांची गर्दी असते."

"एकाला मांडीवर घेईन."

मांडीवर जो आला त्याचे पुढचे दोन्ही दात पडलेले होते. व्हॅन जुन्या भागात शिरली. समोर बशी, बशीत लाल. वहिनीला वाटलं, आता वेग कमी होईल. तो होईना. तिने तोंड उघडण्याआधीच मागून सगळी व्हॅन ओरडली, "लाल!" आणि नवऱ्याने ब्रेक मारला.

थोड्या वेळाने "हिरवा!" अशी आरोळी आली आणि गाडी निघाली.

"छान खेळ आहे तुमचा," ती हसत म्हणाली. पुढच्या बशीलाही तेच झालं. मग मोठा चौक आला. तिथे ताटं होती. लाल लागलेला होता, पण कुणी हूं की चूं केलं नाही. नवऱ्याने आपणहून, अगदी पट्ट्याच्या अलीकडे, गाडी अलगद थांबवली.

"इथे का रे गप्प बसलात?" तिने मांडीवरच्याला विचारलं.

"मोठ्याला नाही ओरडायचं, काकू. मोठा काकांना दिसतो. छोट्यालाच ओरडायचं."

"असं कुणी सांगितलं?"

"काकांनीच. जो आधी ओरडेल त्याला शाळेपाशी हॉर्न वाजवायला मिळतो."

"काल मी जिंकले, आई," मागून मुलगी म्हणाली.

मांडीवरच्या पोराला वहिनीने इतकं घट्ट धरलं की ते चुळबुळायला लागलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोरच बघत होता.

"पुढची गाडी थांबली की मी थांबतोच," तो हळू आवाजात म्हणाला.

"आणि पुढे गाडी नसली तर?"

"मुलं असतात ना."

"संध्याकाळी कुठे असतात मुलं?"

ताटात हिरवा लागला तशी त्याने गाडी काढली.

"कधीपासून हे?"

"कळलंच नाही गं. आधी लांबचे दिसेनासे झाले. मला वाटलं, तुमचेच दिवे मंद झालेत."

"माझे दिवे मंद झाले?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "आठवडा नाही झाला घासून. आणि डोळे दाखवायचे सोडून तुम्ही पोरांना..."

"दाखवले असते तर परवाना गेला असता. मग व्हॅन कुणी चालवायची?"

"बाजूला घ्या गाडी."

"अगं, शाळा..."

"बाजूला घ्या. मी चालवते."

दोघांनी जागा बदलल्या. मुलांना मजाच वाटली. "आज काकू चालवणार, आज काकू!" असा गलका झाला. दात पडलेला पोरगा आता काकांच्या मांडीवर बसला. स्टीअरिंग अजून नवऱ्याच्या तळव्यांच्या घामाने ओलसर होतं.

शाळेच्या अलीकडे शेवटची बशी होती. "लाल!" मुलं सवयीने ओरडली, तेव्हा ती आधीच थांबलेली होती. लख्ख उजेडात तिनेच घासलेली काच डाळिंबाच्या दाण्यासारखी पेटली होती.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवरा गाडीच्या पुढच्या काचेकडे झुकला. "कुठे आहे?"

"तो काय, खांबावर. माझ्या बोटाच्या रेषेत बघा."

त्याने डोळ्यांवर हात धरला, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मांडीवरचं पोर आपलं छोटंसं बोट पुढे करून त्याला सांगायला लागलं, "तिथे काका, त्या झाडाच्या बाजूला. झाड दिसतंय ना?"

"झाड दिसतंय," तो म्हणाला.

"हिरवा!" मागून कुणीतरी हळूच म्हणालं. पाठीमागच्या गाड्यांनी हॉर्नचा सपाटा लावला. वहिनीचा पाय ब्रेकवरून उचलेना. शेजारी नवरा अजून लाल शोधत होता.